कवा आलास? कवा जाणार? : परदेशातल्या कोल्हापूरकरांचे अनुभव

श्टुटगार्ट, मूळ बुधवार पेठ

गावात पाय ठेवला की पहिले दोन प्रश्न हेच. दुसऱ्याचं उत्तर देईपर्यंत बॅगसुद्धा उघडलेली नसते.

जर्मनीत सतरा वर्षं झाली. परवा संध्याकाळी नऊ वर्षांच्या लेकीला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. म्हशी रस्त्याकडेला उभ्या. गवळ्यानं समोर धार काढली आणि फेसानं शिगोशिग भरलेला ग्लास तिच्या हातात दिला. "बाबा, हे उकळलेलं नाही?" मी गवळ्याला म्हटलं, "पोरगी तिकडं वाढलीय ओ." तो हसला. आणि तेवढ्यात मी स्वतःचा ग्लास उजेडात धरून त्याची कड बघत होतो! ह्याच कट्ट्यावर एकेकाळी रोज एक ग्लास मारून तालमीत जायचो. गवळ्यानं ते बघितलं. काही बोलला नाही. ग्लास काढून घेतला, विसळला, नवी धार काढून दिली. पैसे एकाच ग्लासाचे घेतले.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. म्हणून विचारतो, तुमचं काय होतं? गावाला आल्यावर काय आपलं वाटतं आणि काय टोचतं? नुसतं 'जगात भारी' नको आणि नुसत्या शिव्याही नकोत. घडलेलं लिहा.

टोरोंटो, मूळ शाहूपुरी

मी नर्स आहे. बाई असून 'आलो-गेलो' का लिहितो असं विचारू नका, आमच्यात असंच बोलतात. पुण्यात शिकताना ह्या 'आलो'वर सगळा वर्ग हसला, तेव्हा वर्षभर तोंड मिटून बसलो होतो.

पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात यायला वाट नाही. मी नाईट ड्युटीवर तासातासाला फूट आणि इंच बघत होतो. आई एकटी, जुन्या घराच्या माळ्यावर, फोनची बॅटरी संपलेली. दुसऱ्या दिवशी कळलं, गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. हीच ती पोरं. गणपतीत त्यांच्या डॉल्बीनं आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि दरवर्षी मीच टोरोंटोतनं आईला तक्रार द्यायला लावायचो. आई पाठीवर बसायला लाजत होती, तर त्यातला एकजण म्हणाला, "काकू, तक्रार पाणी उतरल्यावर करा, आता धरा घट्ट."

त्या दिवाळीत पेढे घेऊन मंडळात गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दहा पोरांसमोर विचारलं, "ताई, दाजी आले न्हाईत? दोन वर्षं झाली, दिसलं न्हाईत." माझा घटस्फोट झालाय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, त्यालाही. टोरोंटोत शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसांनी अकरा वर्षांत मला असलं काही विचारलेलं नाही. पुढं कोविडमध्ये सोळा दिवस पडून होतो, तेव्हाही नाही विचारलं. 'तुला काय करायचंय' अगदी ओठावर आलं होतं. पण ज्याच्या पाठीवर आई बसली, त्याला हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? "कामात आहेत," म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि पेढ्यांचा बॉक्स पोरांत फिरवला.

दोहा, मूळ मंगळवार पेठ

ड्रायव्हर हाय. लिहायची सवय न्हाई.

१८ डिसेंबर २०२२, वर्ल्ड कपची फायनल, लुसेलला. मेस्सी माझ्या खोलीपासनं गाडीनं तासाच्या आत. तिकीट परवडण्यातलं नव्हतं. पेठेत पोरांनी पडदा लावलेला, त्यांनी व्हिडिओ कॉल केला आन मोबाईल पडद्याकडं धरला. दोहातली मॅच मी कोल्हापुरातनं बघितली. पेनल्टीला कोणतरी म्होरं नाचायला आला आन सगळंच झाकलं. अर्जेंटिना जिंकल्यालं हलगी वाजल्यावर कळलं.

सुट्टीला गेलो की सगळी म्हणत्यात, नशीबवान गड्या, वर्ल्ड कप बघितलास. मी पण व्हय म्हणतो. पगार दोन म्हैने थकला तरी घरी सांगत न्हाई, तसंच हे बी सांगितलं न्हाई.

आइंडहोव्हन, मूळ सुभाषनगर

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी दिसली आणि इथल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस आग लागली. 'आपली चप्पल', 'आपला वारसा', 'चोरी'. रागावण्यासारखंच होतं. आधी कोल्हापूरचं नावसुद्धा नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की कल्पना भारतातल्या चपलेवरून घेतलीय. चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. सगळं खरं. मी अडखळलो ते 'आपली' ह्या शब्दाला.

माझ्या वडलांनी जन्मभर चपला शिवल्या. कातड्याच्या वादीनं शिवायची, रापीनं कड तासायची. आरी धरून धरून त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालंय. लहानपणी गिऱ्हाईक पैसे हातात न देता फळीवर ठेवायचं, हे मी बघितलंय. ग्रुपवर सगळ्यात जहाल लिहिणारे गृहस्थ पहिल्याच दिवाळी मेळाव्यात मला विचारत होते, "आडनाव काय? बरं. गाव? बरं बरं. म्हणजे नक्की कोण?" डच लोकांना माझं आडनाव उच्चारताच येत नाही, एवढं एक सुख आहे इथं.

पण नुसतं तेवढंच असतं तर सोपं होतं. माझे पणजोबा अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, त्या गावचा मी, हे इथं कुणालाही सांगताना माझी मान ताठ होते. आणि त्याच गावात २०१७ साली आईवडलांसाठी भाड्याचा फ्लॅट बघत होतो, तर मालकानं आडनाव ऐकलं आणि म्हणाला, "अरेरे, कालच गेला ओ." पुढं महिनाभर बाल्कनीला 'भाड्याने देणे आहे'ची पाटी होती.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. वडलांच्या हाताचा फोटो टाकला, आरी धरलेला. बरेच अंगठे आले. मग कुणाचा तरी वाढदिवस निघाला.

मेलबर्न, मूळ शिरोळ तालुका

२०१४ ला वडील गेले. माझ्या देखत आत्यांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी पीएचडी करणारी, चौकटीला टेकून उभी. तोंडातून शब्द फुटला नाही. रात्री भांडले, तर थोरली आत्या म्हणाली, "तू पाहुणी आता. आठ दिवसांनी विमानात बसशील, तिला ह्या गल्लीत राहायचंय." मला खूप राग आला, कारण ते खोटं नव्हतं.

मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ट्राममध्ये बातमी वाचली आणि उतरायचा स्टॉप चुकला. आईला फोन केला तर म्हणाली, "ते हेरवाडात झालंय गं, आपल्याकडं कुठं?"

गेल्या वर्षी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या दिसल्या. कुणी भरल्या म्हणून विचारलं, तर थोरल्या आत्यानं! "तू फोन करतेस तेवढ्यापुरत्या घालते, मग काढून डब्यात." हसावं की रडावं कळेना. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कसबा बावडा, कुठंही न गेलेला

विचारलं न्हाई तरी लिहितो. माझा भाऊ न्यू जर्सीत. डिसेंबरात वीस दिवस येतो, तांबडा-पांढरा ओरपतो, रंकाळ्यावर फोटो काढतो, ट्रॅफिकला शिव्या घालतो आणि जाताना आईच्या गळ्यात पडून रडतो. आई महिनाभर त्याच्या रडण्याचं कौतुक सांगत बसते. तिला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला मी नेतो, ते काय, रोजचंच.

तुम्हाला टोचतं ते आम्हालाबी टोचतं. आडनाव विचारणारा घरमालक मलाबी माहिताय, तसला एक माझ्या शेजारीच राहतोय. बोललो त्याला एकदा. आठ महिने बोलत नव्हता. मग एका रात्री आईला धाप लागली, तवा गाडी त्यानंच काढली. आता सांगा, त्याला काय म्हणू? तुमचं बरं हाय, तुमचं रिटर्न तिकीट असतंय.

श्टुटगार्ट, मूळ बुधवार पेठ

बावडेकर, ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. हे वाचून उठलो आणि बहिणीला विचारलं, बाबांच्या गोळ्या किती. मी तीन धरून चाललो होतो. सहा आहेत.

परवा निघायचंय. आईनं कांदा-लसूण चटणी डंकावरनं कुटून आणलीय, तीन किलो. मागल्या खेपेला तेल सुटून शर्टांची वाट लागली होती. ह्यावर कुणाकडं काही उपाय?

दोहा, मूळ मंगळवार पेठ

बरणीला आधी प्लॅस्टिक, मग जुनं धोतर, मग परत प्लॅस्टिक. मोठ्या बॅगेत मधोमध. हातातल्या बॅगेत घालू नका, माझी एकदा काढून घेतली. तो माणूस झाकण उघडून वास घेत हुता लई वेळ.