भावाची मुलं सांभाळते आहे, बालसंगोपन की वसतिगृह?

कोरेगावची_आत्या:
भाऊ २०२२ मध्ये अपघातात गेला. वहिनीनं दुसरं लग्न केलं, फोन उचलत नाही. मुलगा १५ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची, दोघं माझ्याकडं. मी एमआयडीसीत कँटीनला कामाला. पोरगा नववीत आहे, दोन महिने शाळा बुडवून स्टँडवर बसतो, गुटखा लागलाय. शासनाकडून काय मिळेल? एजंट दीड हजार मागतो, तेवढे नाहीत. सुट्टी फक्त गुरुवारी. आणि बहीणभावांना तोडायचं नाही.

निवृत्त_लिपिक:
मुलाला वसतिगृहात घाला. शिस्त लागते. माझी दोन्ही मुलं वसतिगृहात शिकली, थोरला आज तहसील कार्यालयात आहे.

कृष्णाकाठ:
ताई, एजंटला देऊन मोकळ्या व्हा. मी बहिणीसाठी चार खेपा घातल्या, दर वेळी नवा कागद.

शाळेतल्या_बाई:
एक रुपयाही देऊ नका, अर्ज फुकट आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जा, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना म्हणून विचारा. नातेवाइकाकडं राहणाऱ्या मुलांनाही मिळते ती. भावाचा मृत्यू दाखला, सगळ्यांचं आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, दोघांचं बोनाफाईड, बँक पासबुक, मुलांबरोबर घरासमोरचा फोटो. घरी चौकशीला माणूस येतो, मग बालकल्याण समिती आदेश काढते.

निवृत्त_लिपिक:
११०० रुपयांसाठी एवढी धावपळ!

शाळेतल्या_बाई:
काका, ११०० आधी होते. २०२३ पासून मुलामागं महिना २२५० आहेत. दोघांचे साडेचार हजार.

सातारा_रोड:
२२५० कशाला? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ४००० मिळतात. माझ्या भाचीला चालू आहेत.

कोरेगावची_आत्या:
दादा, त्याला खेड्यात वर्षाला ७२ हजारांच्या आत उत्पन्न लागतं म्हणे. माझा दाखला एक लाख आठ हजारांचा आहे.

पुण्यातली_मावशी:
पीएम केअर्समधून १० लाख मिळतात, तो अर्ज आधी करा.

शाळेतल्या_बाई:
मावशी, ते कोविडच्या काळात आईवडील गेलेल्या मुलांसाठी होतं. इथं वडील अपघातात गेलेत आणि आई हयात आहे. त्याच कारणानं अनाथ प्रमाणपत्र आणि त्याचं १ टक्का आरक्षणही नाही.

डेअरीवाला:
मी म्हणतो, महिनाभर रिमांड होमला ठेवा. सुतासारखा सरळ होईल.

अठरा_पूर्ण:
असं बोलू नका हो. रिमांड होम म्हणजे निरीक्षणगृह, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी. निराधार मुलांसाठी बालगृह वेगळं. मी बालगृहात वाढलो. जेवण मिळालं, दहावी झाली, ते नाकारत नाही. पण बहीण मुलींच्या बालगृहात, दुसऱ्या तालुक्यात. राखी पोस्टानं यायची. अठरा झाल्यावर पिशवी घेऊन बाहेर पडलो. २१ पर्यंत अनुरक्षणगृहात राहता येतं हे मला कुणी सांगितलंच नाही. आत्या, तुमच्याकडं आहेत तर तुमच्याकडंच राहू द्या. समितीपुढं पोराला सोबत न्या, त्याच्याशीही बोलतात, समुपदेशन मागा. समिती कोणत्या वारी बसते ते आधी फोन करून विचारा. अडलं तर १०९८, रात्रीही लागतो.

निवृत्त_लिपिक:
माझं मत तरी वसतिगृहच.

शाळेतल्या_बाई:
काहीही करा, पण वर्षाच्या मध्यात त्याची शाळा बदलू नका.

कोरेगावची_आत्या:
गुरुवारी जाऊन आले. एकच कागद कमी पडला, मुलीचं बोनाफाईड, ते मैत्रिणीनं नेऊन दिलं. पोरगा समितीच्या बाईंपुढं आधी बोलेना. कुठं राहायचंय विचारल्यावर म्हणाला, चिमी (त्याची बहीण) असेल तिथं. समुपदेशनाला दोन तारखा दिल्यात. घरचौकशी पुढच्या आठवड्यात.
काका, राग मानू नका, वसतिगृह नको. बाई, तुमचंही एक ऐकलं नाही. शाळा बदलली. नवी शाळा माझ्या कँटीनजवळ आहे. सकाळी माझ्याबरोबर एसटीत बसतो, स्टँडवर उतरायचंच नाही.

कृष्णाकाठ:
ताई, मृत्यू दाखल्याच्या किती प्रती लागल्या?

कोरेगावची_आत्या:
दोन. पण दादा, मूळ दाखला जवळ ठेवा, बघायला मागतात.