शब्दचर्चा : तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंना मराठीत काय म्हणायचं?

एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्यावर लेख लिहायला घेतला आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकले. गोष्ट तशी सगळ्यांच्या ओळखीची. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधल्या लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या माणसांना मातीखाली एक पायरी लागली. मग जिना, जिन्याखाली दार, दारापलीकडे चार खोल्या, आणि त्या खोल्यांत कोंबलेल्या पाच हजारांहून जास्त वस्तू. त्या नोंदवून, सावरून बाहेर काढायला जवळपास दहा वर्षं लागली. हे लिहायला काही अडत नाही. अडतं ते नामांपाशी. मी जो मराठी शब्द उचलते, तो स्वतःचं वेगळंच गणगोत घेऊन येतो. 'बरणी' लिहिलं की लोणचं दिसतं.

वाचक दहा-बारा वर्षांचे आहेत आणि कंसात इंग्रजी शब्द नको, अशी संपादकांची अट आहे. अडलेले शब्द असे : टूम, ट्रेझर, ग्रेव्ह गुड्स (म्हणजे मृतासोबत पुरलेल्या वस्तू), श्राइन, सार्कोफॅगस, कॅनोपिक जार, शब्ती. सुचवा.

प्रतिसाद १

ताई, 'टूम'ला सरळ 'थडगं' लिहा की. कबर म्हणजे पुरलेली जागा, मकबरा म्हणजे तिच्यावरची इमारत (दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतले), आणि समाधी म्हटलं की हात जोडले जातात. ज्ञानेश्वरांची आळंदीला, शिवरायांची रायगडावर. परक्या राजाला थडगंच बरं.

मूळ लेखिका

दादा, थडगं म्हटलं की मला जमिनीवर उभं केलेलं, लांबून दिसणारं बांधकाम दिसतं. इथे उलट आहे. हे चुनखडीच्या खडकात खाली कोरत नेलेलं आहे, आणि ते कोणाला दिसू नये हाच सगळा खटाटोप. वरून सहावा रामसेस या नंतरच्या राजाच्या थडग्यावर राबणाऱ्या मजुरांच्या झोपड्या उठल्या, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

खडकात कोरलेल्या जागेला आपल्याकडे घरचा शब्द आहे, लेणं. मूळ संस्कृत 'लयन'. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या प्राकृत शिलालेखांत 'लेण' असाच येतो. शिवाय अंगावरचा दागिना तोही लेणं. लेण्यातली लेणी! मोह फार झाला, पण लेणं म्हटलं की भिक्खू, चैत्य, पावसाळ्यातली सहल असं सगळं मागोमाग येतं. तेव्हा एकदा 'खडकात कोरलेली कबर' असं सांगून टाकते आणि पुढे थडगं. तुमचंच ऐकलं म्हणायचं.

प्रतिसाद २

'ट्रेझर'ला खजिना नाहीतर काय? वर्तमानपत्रांत कायम 'तुतनखामेनचा खजिना' असंच येतं.

मूळ लेखिका

येतं, आणि तिथेच घोळ आहे. खजिना हा साठवायचा आणि खर्चायचा. खजिन्यात भर पडते, खजिना रिता होतो. खजिना म्हटलं की मुलं मोहरांचे हंडे शोधणार, आणि तुतनखामेनच्या काळी इजिप्तमध्ये नाणीच नव्हती. गुप्तधन म्हणावं, तर ते परत उकरून काढायच्या इराद्याने पुरलेलं असतं. कायद्याच्या पुस्तकातला 'निखात निधी' ऐकायला छान आहे. १८७८ चा तो कायदा आपल्याकडे अजून आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सरकारला कळवावं लागतं. पण दहा वर्षांच्या मुलाला निखात कुठे समजवत बसू?

आता वस्तू बघा. सोनं आहेच. सगळ्यात आतली शवपेटी भरीव सोन्याची, वजन सुमारे ११० किलो. मुखवटा दहा किलोंहून थोडा जास्त. पण बाकी काय आहे? हातात धरायच्या सुमारे १३० काठ्या, कमरेला गुंडाळायची कापडं, चपला, मद्याचे रांजण, लाकडी पेट्यांत भरलेलं मांस, पाव, लसूण, पट मांडून खेळायचे डाव, सुटे करून ठेवलेले सहा रथ, लहानपणीची खुर्ची. हा खजिना नव्हे.

प्रतिसाद ३

हे तर रुखवत झालं!

प्रतिसाद ४

रुखवत नाही हो. रुखवत चार लोकांनी बघावं म्हणून मांडतात. हे दार बंद करून ठेवलेलं. फार तर शिदोरी म्हणा.

मूळ लेखिका

शिदोरी मलाही आवडला. पाव, मांस, मद्य, मध यांना चपखल बसतो, कारण शिदोरीत वाट आहे आणि वाटेत लागणारी भूकही आहे. पण काठ्या आणि रथ शिदोरीत कसे घालणार? बाहेरच्या खोलीचा जुना फोटो पुन्हा काढून बघितला. एकावर एक चढवलेले पलंग, त्यांच्या खाली कोंबलेल्या पेट्या, कोपऱ्यात चाकांची चळत. घर बदलताना टेम्पो रिकामा करून गेल्यावर नव्या जागेत जे दृश्य असतं, अगदी तेच. आपल्याकडे त्याला बिऱ्हाड म्हणतात. राजाने बिऱ्हाड हलवलं होतं. इजिप्शियन लोकसुद्धा थडग्याला 'कायमचं घर' अशा अर्थाचा शब्द वापरत. तेव्हा मथळा ठरला : 'तुतनखामेनचं बिऱ्हाड'. अभ्यासकांसाठी 'दफनसाहित्य' आहेच, त्यांनी ते सुखाने वापरावं.

प्रतिसाद ५

दफनसाहित्यवाल्यांपैकी मी एक, नागपूरकडची. आमच्या विदर्भातल्या शिलावर्तुळांत (भोवती मोठ्या दगडांचं कडं रचलेली जुनी दफनं), माहुरझरीला वगैरे, माणसासोबत घोडा आणि घोड्याचे तांब्याचे दागिने पुरलेले मिळतात. त्याला बिऱ्हाड नाही म्हणता येणार. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात राहत्या घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली आहेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांच्या पोटात. तिथे आम्ही 'कुंभदफन' म्हणतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी काय केलंय ते बघूनच शब्द घ्यावा लागतो. तुमच्या राजाला बिऱ्हाड शोभतं.

मूळ लेखिका

आता श्राइन. दफनाच्या खोलीत सोन्याच्या पत्र्याने मढवलेली चार लाकडी घरं आहेत, एकाच्या आत एक. बाहेरचं ५ मीटर लांब, खोलीच्या भिंतींना जेमतेम हात घालायला जागा उरावी एवढं. काही ठिकाणी 'मंदिर' केलेलं पाहिलं, ते नको. मंदिरात माणूस जातो. मखर म्हणावं, तर त्याला पुढचं दार नसतं. मी 'देव्हारा' घेते आहे. देव्हाऱ्याला दारं असतात, यालाही आहेत, अडसरासकट. आणि मेलेला राजा त्यांच्या लेखी देवच झालेला होता.

एका आतल्या देव्हाऱ्याच्या दाराचा फोटो जरूर बघा. दोन कड्यांतून दोरी ओवून आवळलेली, पुष्कळ वेढे देऊन गाठ मारलेली, आणि गाठीवर मातीचा गोळा, त्यावर शिक्का : बसलेला कोल्हा आणि त्याखाली नऊ बंदिवान. दोरीचे पीळ मोजता येतात. बाहेरच्या खोल्यांत पुरातन काळीच दोनदा चोर शिरून गेले होते, पण ही दोरी कोणी सोडली नव्हती. 'सील'ला मी शिक्काच लिहिणार होते.

प्रतिसाद ६

शिक्का नको, मोर्तब म्हणा. मराठेशाहीच्या कागदात शिक्का वर आणि मोर्तब शेवटी. शिवरायांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असायचं, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये. दोरीवरच्या मातीचं काम तेच दिसतंय : इथून पुढे नाही.

मूळ लेखिका

काका, हे फारच छान. पण मोर्तब एकटं आलं तर मुलांना कळणार नाही. 'दोरीवर शिक्कामोर्तब केलेलं होतं' असं लिहिते, एरवी गुळगुळीत झालेला शब्द निदान एकदा तरी खऱ्या अर्थाने वापरला जाईल.

सार्कोफॅगसचं मी मिटवून टाकलं : 'दगडी पेटी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मांस खाणारा', कारण एका विशिष्ट दगडाच्या पेटीत प्रेत लवकर संपतं अशी त्यांची समजूत होती. इजिप्तमध्ये तर शरीर टिकवायची धडपड, म्हणजे शब्द नेमका उलटा पडलेला. कॉफिनचा उगमही ग्रीकच, आणि तिकडे त्याचा अर्थ टोपली! पेटीच्या आत एकात एक तीन शवपेट्या. सगळ्यात बाहेरच्या शवपेटीची पावलं दगडी झाकणाला लागत होती, म्हणून सुताराने बोटांकडचा भाग जागेवरच तासला. त्याचा भुसा आणि ढलप्या तळाशी तशाच पडून होत्या. राजाचं काम असो नाहीतर कोणाचं, शेवटच्या क्षणी माप चुकलेलंच असतं.

प्रतिसाद ७

कॅनोपिक जारचं काय केलंत? 'आंत्रकुंभ' वाचल्याचं आठवतं.

मूळ लेखिका

कॅनोपिक जार म्हणजे ममी करताना शरीरातून काढलेले अवयव ठेवायची बरणी. आंत्र म्हणजे आतडी, पण या बरण्यांत यकृत, फुप्फुसं आणि जठरही असतं. मेंदू नाकातून काढून टाकायचे आणि काळीज मात्र शरीरातच ठेवायचे, कारण पुढे परलोकातल्या निवाड्यात तराजूत तेच तोलायचं. कलश म्हणावं, तर अस्थिकलश ओळखीचा आहे खरा, पण नुसता कलश आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेत. शिवाय तुतनखामेनच्या थडग्यात सुट्या बरण्या नाहीतच. कॅल्साइटची एक अखंड पेटी आहे (संगमरवर लिहू नका, तो दगड वेगळा). तिच्यात चार नळकांडी कोरलेली, प्रत्येकावर राजाच्या चेहऱ्याचं बूच, आणि आत वीतभराहून मोठी एकेक सोन्याची शवपेटी, राजाच्या शवपेटीची हुबेहूब लहान आवृत्ती. मी 'चार कोठ्यांची पेटी' लिहिलं. कोठा म्हणजे साठवायची जागा आणि कोठा म्हणजे पोटही. आजी 'कोठा साफ आहे ना?' विचारायची, तो.

प्रतिसाद ८

हसले. शब्ती राहिला.

मूळ लेखिका

त्याच्यासाठीच एवढा खटाटोप. शब्ती म्हणजे थडग्यात ठेवलेली हातभर किंवा त्याहून लहान माणसाची मूर्ती. बहुतेक ठिकाणी 'बाहुली' किंवा 'दफनमूर्ती' करतात. पण तिचं काम काय होतं ते बघा. परलोकातही शेतं आहेत, पाट आहेत, वाळू वाहून न्यायची आहे, आणि या कामासाठी मेलेल्याला बोलावणं येणार. तेव्हा त्याच्याऐवजी या मूर्तीने 'मी हजर आहे' म्हणायचं, तसा मंत्रच तिच्या अंगावर कोरलेला असतो. नंतरच्या काळात या मूर्तींना 'उशब्ती' म्हणू लागले, आणि त्याचा अर्थ लावतात तो 'उत्तर देणारा'.

उत्तर देणारा म्हटलं की परीक्षा आठवते. मराठीत हाक मारल्यावर आपण उत्तर देत नाही, ओ देतो. शब्ती म्हणजे ओ देणारा. हे सुचलं त्या रात्री मी एकटीच स्वयंपाकघरात जाऊन चहा करून प्याले.

पुढचं आणखी सोपं झालं. सक्तीने, विनामोबदला करून घ्यायच्या कामाला आपला शब्द वेठ, संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. राजाला वेठीला धरू नये म्हणून हे गडी. तुतनखामेनपाशी असे ४१३ होते : वर्षाच्या दर दिवसाला एक असे ३६५, त्यांचा आठवडा दहा दिवसांचा म्हणून दर दहांवर एक असे ३६, आणि दर महिन्याला एक असे १२. देखरेख करणाऱ्या या ४८ जणांना इंग्रजीत ओव्हरसिअर म्हणतात. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या कोणालाही त्यांचं खरं नाव सांगता येईल : मुकादम.

यातल्या काही मूर्ती सेनापती नख्तमिन आणि खजिनदार माया यांनी दिल्या होत्या, तशी त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. तो सरळ आहेर.

प्रतिसाद ९

ममीचं अनेकवचन काय करणार? मम्या?

मूळ लेखिका

ममी हा शब्द मेण या अर्थाच्या फारसी 'मोम'वरून अरबीमार्गे आलेला, म्हणजे आपल्या मेणबत्तीचा लांबचा शेजारी. अनेकवचन 'ममी'च ठेवते, मम्या लिहिलं तर मुलं शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांकडे बघतील.

पण अनेकवचन लागतंय खरं, कारण त्या थडग्यात तो एकटा नाही. एका साध्या लाकडी पेटीत दोन छोट्या ममी होत्या, पोटात असतानाच किंवा जन्मताना गेलेल्या दोन मुली. 'भ्रूण' लिहिलं तर दवाखाना येतो. 'अर्भकं' लिहिलंय. एकीची शवपेटी पेटीच्या झाकणाला लागत होती, म्हणून तिचीही बोटं तासलेली.

इजिप्तमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाआधी 'ओसायरिस' हे मृतांच्या देवाचं नाव लावायचे, ओसायरिस अमुक, ओसायरिस तमुक. याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही, आपण 'कै.' लावतो. त्या दोन्ही लहान शवपेट्यांवर फक्त 'ओसायरिस' लिहिलेलं आहे. पुढे नाव नाही. नाव ठेवायची वेळच आली नव्हती. नुसतं कै. आणि पुढे रिकामी जागा.

ते लेखात कसं छापायचं, यावर उद्या संपादकांशी बोलणार आहे. त्यांना तिथे टिंबं हवी आहेत, मला नकोत.