मळा दिंडोरीत, नोकरी मुंबईत: शिराझची तोडणी कधी करावी?

परळकर:
काकांचा एक एकर शिराझचा (वाइनची काळी द्राक्षं) प्लॉट यंदापासून माझ्याकडे आलाय. शुक्रवारी संध्याकाळी दादरहून पंचवटी एक्सप्रेस पकडतो, रविवारी परत. मधले दिवस चुलतभाऊ बघतो, पण त्याचा हात खायच्या द्राक्षांवर बसलेला. मणी काळे झालेत, गोडी आलीय. वायनरीला २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) हवं आहे. तेवढं पुरे का? पाणी कधी तोडू? भुरी (पांढरी बुरशी) दिसतेय, गंधक मारू का?

कादवाकाठ:
गंधक आता अजिबात नको. मण्यांवर राहिलेल्या गंधकापासून आंबवताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. भुरीचे घड तोडणीवेळी वेगळे काढा. घडांभोवती हवा खेळावी म्हणून सकाळचं ऊन येतं त्या बाजूची पानं विरळ करा. पश्चिमेकडची राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

खरी मेख नमुन्यात आहे. चुलतभाऊ समोरच्या ओळीतला देखणा घड उचलून ब्रिक्स सांगणार आणि तुम्ही मुंबईत बसून त्यावर गाडी ठरवणार! घडाच्या खांद्याकडचे, म्हणजे वरच्या देठाजवळचे मणी शेंड्यापेक्षा गोड असतात, उन्हातले सावलीतल्यापेक्षा. त्याला सांगा, बांधाकडच्या ओळी सोडून सगळ्या प्लॉटमधून शंभरेक मणी घ्यायचे, वेलीच्या दोन्ही बाजूंचे, खांद्याचे आणि शेंड्याचेही. सगळे एकत्र चुरडून, रस गाळून मग रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) थेंब. आधी शुद्ध पाण्याने शून्य जुळवायचं. दर वेळी सकाळी ठरावीक वेळेला. असा आकडा फोनवर आला तरी विश्वास ठेवता येतो.

बोरिवलीची_मृण्मयी:
मी काही हंगाम वायनरीच्या प्रयोगशाळेत होते. ब्रिक्स म्हणजे फक्त साखर, त्यावरून अल्कोहोल किती होईल ते कळतं. २४ ला साधारण १३ टक्के. पण आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता ऊन असं चढतं की साखर पुढे पळते आणि बिया हिरव्याच राहतात. शनिवारी स्वतः मणी चावून पाहा. बी तपकिरी हवी, दाताखाली कुरकुरायला हवी. हिरव्या बियांचा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो.

वायनरीकडून पीएचही (आंबटपणाचा आकडा; वर गेला की आंबटपणा कमी) तपासून घ्या. शिराझला ३.६ च्या आसपास मला आवडतो. फार वर गेला की रंग आणि टिकाऊपणा दोन्ही जातात, मग बिया पिकायची वाट बघण्यात अर्थ नाही.

परळकर:
हे फारच उपयोगी आहे, ताई. पाण्याचं आणि मजुरांचं कोणी सांगेल का?

कादवाकाठ:
पाणी एकदम तोडू नका. पानं गळली की साखर भरणार कोण? हळूहळू कमी करा, आणि तोडणीच्या तोंडावर जादा पाणी तर मुळीच नको, मणी फुगून रस पातळ होतो. हलकी जमीन असेल तर ड्रिप थोडं चालू ठेवावंच लागेल.

मजुरांची टोळी आत्ताच बोलून ठेवा, कारण तेव्हाच खायच्या द्राक्षांचीही काढणी चालू असते. पहाटे सुरू करून ऊन तापायच्या आत माल वायनरीत पोचवा. क्रेट काठोकाठ भरू देऊ नका, खालचे मणी फुटले की वाटेतच आंबायला लागतात. मणी छाटून घड सजवायची सवय मजुरांना असते; इथे त्याची गरज नाही. कुजके तेवढे बाजूला.

माल गेला की वेलींना हलकं खत-पाणी द्या आणि विश्रांती मिळू द्या. एप्रिलच्या खरड छाटणीला (काढणीनंतर वेल मागे छाटतात ती) नवी फूट त्याच साठ्यावर निघते. त्या छाटणीला मात्र रजा काढून स्वतः हजर राहा.