अण्णांना बोलता येत नाही, पण गाता येतं. मदत हवी आहे

नमस्कार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, नारदीय कीर्तनकार. रत्नागिरीकडच्या गावांत रामनवमी, हनुमान जयंती, नवरात्र अशा उत्सवांना त्यांची कीर्तनं ठरलेली. मी पेटीला, धाकटा भाऊ तबल्याला. साथीदार घरचेच, म्हणजे बिदागीही घरातच, असं अण्णा गमतीने म्हणायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवी बाजू लुळी पडली होती, आता काठी धरून चालतात. वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, ब्रोका प्रकारचा अफेजिया आहे; त्यांना बरंचसं समजतं, पण शब्द बाहेर येत नाही. तासभर उत्तररंग, म्हणजे कीर्तनातला कथेचा भाग, रंगवणारा माणूस पाणी मागताना ‘ते… ते…’ करतो आणि चिडून भांडं ढकलून देतो.

आणि हेच अण्णा तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की ‘जय जय रामकृष्ण हरी’ सुरात, खणखणीत म्हणतात. नमनाचा अभंगही निम्मा होतो. लगेच मला हाक मारायला गेले तर माझं नाव येत नाही.

मी त्यांच्याबरोबर पेटी धरावी असं सगळे सुचवतात. अडचण माझी आहे. धाकटा भाऊ २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शेवटचं बघूही दिलं नाही. नंतर दुसऱ्या तबलजीबरोबर बसून पाहिलं. धुमाळीचा ताल सुरू झाला की पेटीच्या भात्यावरचा माझा हात थांबायचा. त्याच सुमारास ठरलेलं लग्नही मोडलं. पेटीवर घर चालत नाही असं मुलीकडच्यांचं म्हणणं होतं, आणि बिदागीचे आकडे पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. पेटी कपाटावर गेली ती तिथेच आहे. सध्या आंब्याच्या हंगामात बागेचं बघतो, एरवी शिकवण्या घेतो.

त्यात मुंबईच्या काकांनी नवीन काढलंय. सातबारा सामायिक आहे, अण्णांचा हिस्सा सोडल्याच्या कागदावर अंगठा हवाय. ‘नाहीतरी त्यांना आता काही कळत नाही’ असं अण्णांच्या समोर म्हणाले. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे कळलंच ना?

गाण्यातून बोलणं परत येतं का? कुणी केलंय का? आणि अंगठ्याचं काय करू?

प्रतिसाद १
मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आधी कडू भाग: अभंग येतो म्हणजे बोलणं परत आलं असं नाही. पाठ असलेलं गाणं, प्रार्थना, एक ते दहा आकडे हे सगळं आपोआप ओघात येतं. गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो आणि ती अण्णांची शाबूत आहे. नुसते अभंग म्हणून घेतलेत तर अभंगच सुधारतील.

मात्र यावरूनच अमेरिकेत १९७३ मध्ये एक पद्धत पुढे आली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. रोज लागणारं छोटं वाक्य दोनच सुरांवर, सावकाश म्हणायचं. तुमच्या भाषेत सा आणि कोमल ग. ‘पाणी दे’ घ्या: जोर असलेलं अक्षर वरच्या सुरावर, कोमल गंधारावर, बाकी खालच्या षड्जावर, म्हणजे सा वर. प्रत्येक अक्षराला त्यांचा डावा हात धरून टेबलावर थाप. आधी तुम्ही गुणगुणा, मग दोघं मिळून, मग मध्येच तुम्ही गप्प व्हा. साथ एकेक अक्षराने सोडत जायची, हे साथीदाराला सांगायला नको. शेवटी सूर काढून साधं बोलणं. घोकलेली वाक्यं सुधारतात याला पुरावा बरा आहे. सगळं संभाषण परत येईल असं वचन कुणी देऊ नये. जवळच्या तज्ज्ञाकडून बसवून घ्या. पेटी लागतच नाही, गळा पुरे.

प्रतिसाद २
काकांबद्दल. बोलता न येणं आणि न समजणं या कायद्याने वेगळ्या गोष्टी. समजत असेल तर निर्णय अण्णांचा, समजत नसेल तर तो अंगठा टिकणार नाही. काकांना दोन्हीकडून बोलता येणार नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, घरी घेतलेल्या अंगठ्याने हिस्सा जात नाही. तरी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदाला त्यांचा हात लावू देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडून त्यांना किती समजतं याचं लेखी घेऊन ठेवा.

प्रतिसाद ३
अण्णांचं होईल, तुमचं काय? भाऊ, लग्न, पेटी हे सगळं एका दमात लिहिलंत. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट, मराठीतही बोलतात. मी केलाय फोन. आणि पेटी वाजवू नका हवं तर, पण खाली काढून ऊन दाखवा. कोकणातल्या दमट हवेत भात्याचं चामडं बुरसतं, वाळवी लागली तर विषयच संपला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पेटी उतरवली, भात्याला एका घडीवर बुरशी आहे, सूर बरे आहेत. ‘पाणी दे’ करून पाहिलं. अण्णा माझ्याबरोबर ‘पा’ नीट लावतात, मी थांबलो की तेही थांबतात. एक विचारायचं होतं: त्यांची पट्टी, म्हणजे गाताना धरायचा सा, काळी एक, पण आता आवाज खाली उतरलाय. पांढरी सहाला षड्ज धरला तर चालेल, की जुनीच पट्टी ठेवू? आणि रत्नागिरीत वाटणीची कामं पाहणारे चांगले वकील माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.