आठवीनंतर शाळेतले जेवण थांबते, आहाराचा धडा मात्र चालू राहतो

काटेसावर:
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या मुलींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ते ५९ टक्क्यांवर गेले. संतुलित आहाराचे धडे या काळात पाठ्यपुस्तकांत होतेच. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीसाठी त्यात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत. नववीत गेलेल्या मुलीची बहुधा पाळी सुरू झालेली असते, तिला दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते, आणि नेमके त्याच वर्षी हे ताट काढून घेतले जाते. माझ्या मते आहारशिक्षणाच्या नव्या मोहिमा काढण्यापेक्षा हे जेवण बारावीपर्यंत वाढवावे.

गणिताच्या बाई:
मला हे पटत नाही. आमच्या माध्यमिक शाळेत दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी येते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती फुकट मिळते, तरीही कित्येक मुली ती गिळत नाहीत. मळमळते, शौचाला काळे होते, पुढे मूल होणार नाही, अशी कारणे त्या एकमेकींना सांगतात. काळा रंग लोहामुळे येतो व तो निरुपद्रवी असतो, गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, कारण चहातील टॅनिनमुळे लोह कमी शोषले जाते, आणि पालेभाजीवर लिंबू पिळले तर तेच लोह अधिक अंगी लागते, हे त्यांना कुणी नीट समजावलेले नसते. पाठ्यपुस्तकातल्या धड्यात ‘लोह : पालेभाज्या’ एवढे पाठ करून गुण मिळतात, मी ज्या ज्ञानाबद्दल बोलते आहे ते हे नव्हे.

काटेसावर:
बाई, गोळी जेवणानंतर घ्या असे आपण सांगता, पण सकाळी नुसता चहा घेऊन एसटी पकडणाऱ्या मुलीने ते जेवण आणायचे कोठून? महाराष्ट्रात २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबवला. अंड्यात प्रथिने असतात हे त्या मुलांना आधीही ठाऊक होते आणि नंतरही.

पाणवठा:
आपण दोघेही मुलीविषयी बोलत आहात, पण घरात वाढण्याचा निर्णय तिच्या हातात नसतो. डाळीचा घट्ट भाग आणि अंडे आधी वडिलांच्या व भावाच्या ताटात जाते. आई आणि मुलगी शेवटी बसतात. तिला पोषणाचे सगळे ज्ञान दिले तरी ती भावाच्या ताटातले अंडे मागू शकणार नाही, आणि मागितले तर हावरट ठरेल. म्हणून हा विषय मुलग्यांच्या वर्गात आणि पालकसभेत आधी मांडला पाहिजे.

गणिताच्या बाई:
मुलग्यांच्या वर्गाबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे आणि ते उद्यापासून करता येईल. पालकसभेचा अनुभव मात्र वेगळा आहे. वडील क्वचितच येतात. आई येते ती दिवसाची मजुरी बुडवून, आणि तिच्या मुलीला जे नाकारले जाते ते तिला स्वतःलाही मिळालेले नसते. त्यामुळे मला मुलीशीच बोलत राहावे लागते.