मदत हवी आहे: २७ एचपीच्या लहान ट्रॅक्टरला मागे बॅकहो (खोदाईचा यांत्रिक हात) जोडावा का? (शहापूर, जि. ठाणे)

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित पावणेतीन एकर जमीन आहे. खालच्या अंगाला भाताची खाचरे आणि वर उताराची वरकस, असे तिचे स्वरूप आहे. यंदा लहान ट्रॅक्टर घ्यायचा हे घरात ठरले आहे. अडले आहे ते त्याला मागे बॅकहो जोडून घ्यावा की नाही, एवढ्यावरच. ज्यांनी असे यंत्र स्वतः चालवले किंवा दुरुस्त केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कामे अशी आहेत. पावसाळ्यात रोटाव्हेटरने चिखलणी. वरकसावर हापूस आणि केसरची साठेक कलमे लावायची असल्याने एक मीटर लांब, रुंद आणि खोल असे तेवढे खड्डे. उतारावर पाणी अडवण्यासाठी समपातळी चर, पाइपलाइनसाठी दोन-अडीच फुटांची चारी, आणि खाचरांच्या कडेचा ओहोळ दरवर्षी गाळाने भरतो, त्याची सफाई.

आजवर खोदाईसाठी भाड्याने जेसीबी आणत आलो. यंत्र उत्तम आहे, पण साडेसात टनांच्या आसपास वजनाचे ते धूड आमच्या वरकसापर्यंत न्यायचे तर चुलत्यांच्या खाचरांतूनच जावे लागते. भात कापून जमीन सुकल्याशिवाय ते आत येत नाही, आले की बांध फुटतात, आणि फुटलेला बांध पुन्हा घालून देणे ओघाने आपल्याकडेच येते. शिवाय मे महिन्यात सगळ्या तालुक्यालाच जेसीबी हवा असतो, त्यामुळे तासा-दोन तासांच्या कामासाठी मालक यायला राजी नसतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही मला वाटत नाही.

ट्रॅक्टरपुरते पर्याय मी तीनवर आणले आहेत: महिंद्रा जिवो २४५ (२४ एचपी), कुबोटा निओस्टार बी२७४१ (२७ एचपी) आणि महिंद्रा ओजा २१२७ (२७ एचपी). तिन्ही चारही चाकांना जोर देणारे आहेत, आणि चिखलणीसाठी मला तो मुद्दा एचपीपेक्षाही मोठा वाटतो. पहिल्या दोघांची लिंकेजची (मागे अवजार जोडायच्या दांड्यांची) उचल क्षमता ७५० किलो आणि ओजाची ९५० किलो सांगितली जाते. माझा कल सध्या कुबोटाकडे आहे, कारण त्याच्या पुढच्या ॲक्सलला बंदिस्त बेव्हल गिअर आहेत आणि चिखलात उघड्या सांध्यांचे काय होते ते आम्ही जुन्या पॉवर टिलरवर पुरेसे पाहिले आहे.

बॅकहोबाबत एका विक्रेत्याने तीन-बिंदू लिंकेजवर टांगायचा, पीटीओवर (इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) स्वतंत्र पंप चालवणारा नमुना दाखवला. वजन सुमारे साडेतीनशे किलो, खोदाई सहा फूट. तो पाहताना एक गोष्ट खटकली. बकेट जमिनीला टेकवून चालकाने बूम (बॅकहोचा मुख्य हात) खाली दाबला, तेव्हा माती निघण्याऐवजी लिंकेजच्या खालच्या दांड्याच वर उचलल्या गेल्या आणि चालकाच्या आसनासकट अख्खा सांगाडा ट्रॅक्टरच्या दिशेने कलला. "लिंकेजची चेन ताठ केली की बसेल," एवढेच उत्तर मिळाले. वॉरंटीवर परिणाम होणार नाही असे तोंडी सांगितले गेले. लेखी मागितल्यावर विषय बदलला.

अमेरिकेत कुबोटाचा बीएक्स२३एस लोडर आणि बॅकहोसह कारखान्यातूनच तयार येतो आणि २२ एचपीच्या आतले ते यंत्र सहा फूट खोदते, म्हणजे मुळात कल्पना चुकीची नसावी. पण त्याचा बॅकहो लिंकेजवर नसून ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी उपचौकटीवर बसतो. तसा सांगाडा आपल्याकडे नीट बनवून मिळतो का, की बॅकहोचा नाद सोडून नुसता ट्रॅक्टर घ्यावा, हे मला ठरवायचे आहे.

प्रतिसाद: गॅरेजवाला_मुरबाड

तुम्हाला जे खटकले तेच या नमुन्याचे खरे दुखणे आहे. आपल्या ट्रॅक्टरचे लिंकेज वर उचलते, खाली दाबत नाही. खाली येते ते अवजाराच्या वजनाने. नांगराला तेवढे पुरते. बॅकहोचे सगळे कामच दाबण्याचे आणि ओढण्याचे असल्यामुळे लिंकेज वर सरकते, आणि सांगाडा कलून चालक ट्रॅक्टर आणि लीव्हर यांच्यामध्ये चेंगरण्याची भीती असते. चेन ताठ केल्याने आडवे हलणे थांबते, वर उचलले जाणे थांबत नाही.

दुसरे म्हणजे, लहान ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लचची घंटा (क्लचवरचे घंटेच्या आकाराचे आवरण) आणि गिअरबॉक्स हे बीडाचे भाग एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात आणि तोच त्याचा कणा. बकेट मुरमात अडकली की तो सगळा झटका मागच्या हाऊसिंगवर जातो. जोडावर तेल पाझरू लागते, बोल्ट सैल होतात, आणि तरीही काम रेटले तर हाऊसिंगला तडा जातो. उपचौकट तोच भार पुढच्या ॲक्सलच्या आधारापर्यंत वाटून देते. ७५० किलो उचल पाहून निर्धास्त होऊ नका. तो आकडा साधारणपणे दांड्यांच्या टोकाशी धरलेला असतो आणि बॅकहोचा भार त्याच्या बराच मागे लटकतो.

राजकोटकडून आणि पंजाबातून अशा चौकटी येतात, पण तुमच्याच मॉडेलच्या बोल्टच्या भोकांना बसणारी चौकट आणि ट्रॅक्टरच्या कंपनीचे लेखी पत्र, या दोन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती येईपर्यंत खरेदीही थांबवा. आधीच्या बिलावर काही मिळत नाही.

प्रतिसाद: वरकस_शेती

वरील मताशी मी सहमत आहे; फक्त खड्ड्यांचा हिशेब मांडतो. या आकाराच्या बकेटमध्ये तीस-चाळीस लिटर माती येते. एक घनमीटर खड्ड्याची माती फुगून वाढते, म्हणजे एका खड्ड्याला पस्तीस-चाळीस बकेटा धराव्या लागतात. तेही मऊ मातीत. आपल्या भागात दीड-दोन फुटांखाली मुरूम लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यावर पहार मारली तर ठिणगी उडते. तिथे लहान बॅकहो नुसता ओरबाडत बसेल, आणि खाली कातळ लागला तर ब्रेकरशिवाय (खडक फोडणाऱ्या यंत्राशिवाय) इलाज नाही. जागेत ओल असताना, दिवाळीच्या सुमारास खड्डे घेतले तर काम बरेच हलके होते आणि उन्हाळाभर ते तापतातही.

तुमच्या यादीत वर्षानुवर्षे लागणारे काम ओहोळाच्या सफाईचेच दिसते. बाकी सगळे एकदाचे आहे. त्यासाठी दीड ते तीन टनांचा, रबरी पट्ट्यांवर चालणारा मिनी एक्सकॅव्हेटर भाड्याने मिळतो का ते भिवंडी आणि पडघा भागात विचारून पाहा. गोदामांच्या कामांवर ही यंत्रे दिसतात. बांधावरून ते पुष्कळ अलगद जाते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बॅकहो तूर्त बाजूला ठेवून ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर एवढेच घ्यावे, असे आता वाटते. खड्ड्यांसाठी मिनी एक्सकॅव्हेटरची चौकशी सुरू करतो. एवढे मात्र कोणी सांगावे: तीन टनांचे यंत्र टेम्पोतून उतरवल्यावर ओल्या खाचरातून नेताना पट्ट्यांखाली फळ्या टाकाव्या लागतात का, की कापणीनंतर पंधरा दिवस थांबणे पुरेसे होते?