छातीविकार विभागाला समुपदेशन हवं होतं की माणसं?

रातपाळी_सिस्टर:
२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मेला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. आमच्या चेस्ट वॉर्डात तेव्हा एन-९५ मास्क कागदी पिशवीत ठेवून, पिशवीवर वार लिहून आलटून पालटून वापरत होतो. पीपीई चढवलं की ड्युटी संपेपर्यंत ना पाणी, ना बाथरूम. त्यात 'ताणाचे व्यवस्थापन' यावर ऑनलाइन व्याख्यान, तेही नाइट उतरल्यावर सकाळी दहाला! अहो, आणखी दोन सिस्टर दिल्या असत्या तर निम्मा ताण तिथेच गेला असता.

मनमोकळं:
सिस्टर, राग रास्त आहे, पण समुपदेशन असं झटकू नका. दम लागलेला पेशंट बऱ्याचदा पूर्ण शुद्धीवर असतो. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क ओढून काढतो, "मी वाचेन ना?" विचारतो. हे रोज ऐकणारे स्टाफ माझ्याकडे समुपदेशनाला यायचे. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "ऑफिसला कळणार नाही ना?" स्टाफ दुप्पट केला तरी त्यांची झोप परत आली नसती.

सरळमत:
शिव्या पडतील, तरी लिहितो. पगार चालू होता, ५० लाखांचा विमा होता. आमच्या रिक्षा महिनोन् महिने बंद, आम्हाला कोणी विचारलं? जोखीम माहीत असूनच या पेशात येतात ना?

थुंकीतपासणी:
दादा, विमा मेल्यावर मिळतो, आणि तो कोविडसाठी होता. टीबी झाला तर? शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच टीबी होणं, त्यात काहींचा जीव जाणं कोविडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. देशात टीबीच्या नोंदी २०१९ मध्ये सुमारे २४ लाख, २०२० मध्ये १८ लाख. रोग थोडाच पळाला? टीबी तपासायची आमची सीबीनॅट मशीनं कोविडला लावली, माणसंही तिकडेच. राहिलेले पेशंट पुढे उशिरा आले, ते घरादाराला लागण करूनच. त्यांची थुंकी तपासणारा मी कंत्राटी. आजारी पडलो की पगार कापला जातो. तुमची रिक्षा बंद होती ते वाईटच, पण म्हणून आमचं बरोबर कसं ठरतं?

सरळमत:
कंत्राटी लोकांचं मान्य. कायमवाल्यांबद्दल माझं मत तेच.

रातपाळी_सिस्टर:
@मनमोकळं, ऑफिसला कळण्याची भीती म्हणालात ना? त्या व्याख्यानाला हजेरी घेतली होती. जॉइन न झालेल्यांना मेमो!

मनमोकळं:
मेमो देऊन कसलं समुपदेशन, ती कागदं रंगवायची कामं. तरी सोय बंद करा असं मी म्हणणार नाही. बाहेरचा माणूस नेमा, ड्युटीच्या वेळेतच वेळ द्या, आणि त्याची नोंद मेट्रनकडे जाऊ देऊ नका.

रातपाळी_सिस्टर:
ड्युटीच्या वेळेत? मग तेवढा वेळ वॉर्ड कोण बघणार?